काट्यांनी झाकलेली विहीर

शेवगावच्या रस्त्याला, गर्जे वस्तीच्या अलीकडे, एक पेट्रोल पंप होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. वरचे पत्रे गेले, मशिनी गेल्या, केबिनच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा कुणी उचकटून नेल्या. राहिला तो सिमेंटचा चौथरा आणि त्याच्या फटींतून वर आलेली वेडी बाभळ. जमिनीखालच्या टाक्या तेवढ्या तशाच राहिल्या. त्या दिसत नव्हत्या, म्हणून कुणाच्या ध्यानातही नव्हत्या. एसटीतून उतरणारा माणूस मात्र कंडक्टरला अजून "पंपावर थांबवा" असंच सांगायचा.

यंदा चैत्र सरता सरता त्या चौथऱ्यावर एक गाडी येऊन उभी राहिली. गाडीवर जमिनीत भोक पाडायचं यंत्र होतं. सोबत नगरहून आलेली एक मुलगी होती, दिपाली नावाची. डोक्याला रुमाल, पायात जाड बूट. ती इंजिनियर होती. पंपाच्या कंपनीला ती जागा मूळ मालकाला परत द्यायची होती आणि मालक तिथे मंगल कार्यालय बांधणार होता. त्याआधी तिथली माती आणि पाणी तपासायचं काम तिच्याकडे आलं होतं.

कुंपणापलीकडे राजेश्वरी शेळ्या राखत होती. यंत्राने पहिली माती वर काढली तेव्हा ती शेळ्या सोडून तारेपाशी आली. माती वर काळी होती, खाली खाली निळसर करडी होत गेली, आणि तिला वास होता. राजेश्वरीने पदर नाकाला लावला नाही. उलट तारेत तोंड घालून तो वास तिने आत ओढला.

"ओ बाई, नाक मागं घ्या," यंत्र चालवणारा गोरक्ष म्हणाला. "डोकं धरतंय त्यानं."

"कशाचा वास हाय ह्यो?"

"पेट्रोलचा. पंपावर आनखी कशाचा असनार, गुलाबपान्याचा?"

दिपाली हात पुसत तारेपाशी आली. "ताई, इथं जवळ विहीर आहे का कुठं? आजूबाजूचं पाणी पण बघायचंय आम्हाला."

राजेश्वरीने मागे वळून हात केला. शेताच्या कडेला बाभळीच्या वाळलेल्या फांद्यांचा एक मोठा ढीग दिसत होता. "त्या काट्यांखाली हाय. पर तिचं पानी कुनी घेत न्हाई."

"का?"

"माझा नवरा गेला तिच्यात."

दिपाली हात पुसायची थांबली. राजेश्वरीच म्हणाली, "त्याच्या अंगाला ह्योच वास हुता, मॅडम. मी सांगितलं समद्यांना. कुनी ऐकलं न्हाई."

*

ती विहीर रामहरी गर्जेची. रामहरी म्हणजे राजेश्वरीचा सासरा. आमच्या भागात विहिरी खोल असतात आणि पाणी उथळ असतं. मग लोक आडवं बोर मारतात. विहिरीच्या तळाशी माणूस आणि मशीन उतरवायचं, आणि विहिरीच्या पोटातून आडवं भोक जमिनीखालून लांबपर्यंत न्यायचं, पाझर सापडेल तिकडे. त्यात पाइप बसवला की लांबचं पाणी आपल्या विहिरीत ठिबकायला लागतं. वरची जमीन कुणाची, हे खालचं पाणी विचारत नाही आणि बोर मारणाराही विचारत नाही. रामहरीच्या विहिरीला अशी दोन बोरं होती, एक उगवतीला आणि एक डोंगराकडे. दोन्हींचं पाणी जेमतेम पिण्यापुरतं.

शेती पावसावर. म्हणून रामहरीचा मुलगा अंगद आणि सून राजेश्वरी दर साली ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या. लेक पंकजा झाल्यापासून तिला सांभाळायला आजी, म्हणजे रामहरीची बायको भीमाबाई, हीही कारखान्यावर जायला लागली. दिवाळीपासून चैत्रापर्यंत घरी एकटा रामहरी आणि त्याच्या शेळ्या.

परत आल्यावर एक रीत होती. विहिरीत साती आसरा राहतात. त्या पाण्याच्या देवता. इतके महिने आपण त्यांना सोडून गेलो, म्हणून पहिली घागर भरण्याआधी घरच्या बाईने काठावर हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायचा. त्याआधी पाण्याला हात लावायचा नाही. आणि विटाळात तर काठावरही जायचं नाही.

दोन वर्षांमागे ऊसतोडीची टोळी परत आली तेव्हा अंगद आणि राजेश्वरी सामानाच्या ट्रकमधून आधी आली. भीमाबाई नातीला घेऊन मागून एसटीने येणार होती. घरात घोटभर पाणी नव्हतं. राजेश्वरी विटाळात होती. अंगद ट्रक उतरवत होता, रामहरी बाजाराला गेलेला. तिने घागर घेतली, विहिरीवर गेली आणि पाणी काढलं. काठावर काही ठेवलं नाही.

पाण्याला वास येत होता. रामहरी म्हणाला, गाळ सडलाय. पुढच्या आठवड्यात अंगद गाळ काढायला खाली उतरला. वर दोराला रामहरी एकटाच होता. थोड्या वेळाने रामहरीच्या हाका ऐकून शेजारच्या शेतातून त्याचा चुलतभाऊ बजरंग धावत आला. बजरंग दोर धरून निम्म्यापर्यंत उतरला आणि चक्कर येते म्हणून वर आला. शेवटी गळ टाकून अंगदला वर काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुदमरून गेला. विहिरीत हवा नसते, असं होतं कधीकधी.

अंगदच्या छातीवर डोकं ठेवून राजेश्वरी रडत होती तेव्हा ती मध्येच उठून म्हणाली, "ह्यांच्या अंगाला रॉकेलचा वास येतोय." बायकांनी तिला धरून बाजूला नेलं. दुःखाने डोकं फिरलं म्हणाल्या.

मग भीमाबाईला पहिल्या घागरीची गोष्ट कळली. कुणी सांगितली कोण जाणे. बहुतेक राजेश्वरीनेच. ती खोटं बोलणारी नव्हती.

तेव्हापासून भीमाबाईने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. घरात पाण्याचा माठ होता त्या कोपऱ्यात राजेश्वरीने जायचं नाही. शेताच्या कडेला उसाच्या पाचटाची कोपी घालून दिली, ती तिथे राहायची. पंकजा आजीजवळ. दाराबाहेर एक सपाट दगड होता. भीमाबाई त्या दगडावर तांब्या ठेवायची आणि आत जायची. मग राजेश्वरीने येऊन तो घ्यायचा. कारखान्याला जायचंही बंद झालं, कारण अर्धा कोयता कुणी टोळीत घेत नाही.

आता आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखितीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी देतात. नवी मातीची केळी, म्हणजे छोटी घागर, आणायची, पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, पुजायची. आखिती झाली की दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा भाऊ करण तिला कायमची माहेरी न्यायला येणार होता. पंकजा इथेच राहायची. "रक्त आमचं हाय," भीमाबाईने सांगून टाकलं होतं. रामहरी या बोलण्यात कधी पडला नाही. तो शेळ्या बघायचा.

राजेश्वरीलाही आतून वाटायचं की खरंच आपणच खाल्लं असेल त्याला. वास आला होता हे खरं, पण दहीभात ठेवला नव्हता हेही खरं. दोन्ही गोष्टी तिच्याजवळ होत्या आणि एक दुसरीला खोडत नव्हती.

*

दिपाली संध्याकाळी रामहरीच्या अंगणात आली. बजरंग तिथेच बसला होता. भीमाबाईने तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"बाबा, तुमच्या विहिरीचं थोडं पाणी घ्यायचं होतं. तपासायला."

"बंद हाय ती," रामहरी म्हणाला.

"काटे थोडेसे सरकवून बाटली सोडू. कुणाला आत उतरायचं नाही."

"बंद हाय म्हनलं ना बाई."

भीमाबाई म्हणाली, "आसरांची हाय ती आता. माझा एकुलता एक नेला त्यांनी. आनखी काही टाकून त्यांना कशाला छेडता?"

"मॅडम, तुमाला आसरा म्हंजी काय ठावं हाय का?" बजरंगने विचारलं.

"माझं गाव पारनेर तालुक्यात आहे, काका. आमच्या विहिरीवर पण हिरव्या बांगड्या असतात."

"अस्सं. मग बरं. मला वाटलं, तुमच्याकडं नळाला बांधत्यात."

दिपाली हसली. रामहरी हसला नाही. तो उठून शेळ्या बांधायला गेला. शेळ्या आधीच बांधलेल्या होत्या.

दिपाली निघाली तेव्हा कोपीपाशी राजेश्वरी उभी होती. "न्हाई म्हनले का?"

"नाही म्हणाले. उद्या आम्ही पंपाच्या हद्दीत तुमच्या बाजूला भोकं घेणार आहोत. घाण तुमच्याकडं सरकली असेल तर तिथल्या मातीत दिसेल."

"म्हंजी विहिरीत न उतरता कळंल?"

"बहुतेक कळेल."

*

दुसऱ्या दिवशी यंत्र सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. गोरक्ष माती काढायचा, दिपाली ती पिशवीत भरून तिच्या तोंडाशी एक हातातलं यंत्र धरायची. पेट्रोलची वाफ असली की त्या यंत्रावरचा आकडा चढायचा. टाक्यांजवळ आकडा लई वर गेला. ओढ्याच्या बाजूला, जिथे लिंबाची दोन झाडं उभी वाळली होती, तिथेही वर गेला. पण विहिरीकडच्या बाजूला, कुंपणाच्या तारेलगत, एकाही भोकात काही निघालं नाही. काळी माती, मग मुरूम, मग ओला मुरूम. स्वच्छ.

वस्तीवरचे लोक कुंपणाशी जमले होते. भीमाबाईही पंकजाला कडेवर घेऊन आली होती. पोरगी आता कडेवर घेण्याइतकी लहान नव्हती, पण आजी तिला खाली सोडत नसे.

दिपालीने राजेश्वरीला बाजूला बोलावलं. तिला सांगणं जड जात होतं. "ताई, टाकी गळलीय, हे नक्की. पण जमिनीचा उतार ओढ्याकडं आहे. गळलेलं सगळं पाण्यावर तरंगत ओढ्याकडं गेलंय. तुमची विहीर वरच्या अंगाला पडते. मधली माती स्वच्छ आहे. पेट्रोल उताराच्या उलट्या अंगाला जात नाही."

"म्हंजी विहिरीत न्हाई?"

"असायला नको."

भीमाबाई लांब नव्हती. तिने ऐकलं. "आता तरी पटलं का?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "दोन वर्सं वास, वास, वास. मेलेल्या लेकराच्या अंगाला सुदिक तुला रॉकेल लागलेलं दिसलं. आता मशिनीनंच सांगितलं. मशीन का माझी सोयरी हाय?"

राजेश्वरी खाली बसली आणि बसूनच राहिली. शेळ्या बजरंगच्या कडब्यात शिरल्या, बजरंगने शिव्या दिल्या, तरी उठली नाही. मग उठली ती सरळ दिपालीकडे गेली.

"मॅडम, पानी काढा."

"ताई, तुमचे सासरे..."

"असायला नको म्हनता, म्हंजी नसंलच असं न्हाई ना? परवा आखिती. तेरवा मी जानार. जायच्या आदी मला बघायचंय. नसंल तर नसंल. मग मी मान खाली घालून जाते."

तेव्हा एक गोष्ट झाली जिची कुणाला अपेक्षा नव्हती. भीमाबाईच म्हणाली, "काढा पानी."

"अगं," रामहरी मागून बोलला. तो कधी आला होता ते कुणी पाहिलं नव्हतं. "कशाला? मशीन बोलली न्हवं?"

"बोलली. म्हनूनच काढा. विहिरीत काही निघनार न्हाई, अन् मग हिचं तोंड कायमचं बंद हुईल. माहेराला जाऊन तरी गावभर सांगनार न्हाई की आसरांनी न्हाई, पेट्रोलनं मारला म्हनून. बजरंग, काटं वढ."

"नको," रामहरी म्हणाला.

"अवो, तुमाला काय हुतंय?"

रामहरी बांधाकडे वळला. बजरंगने पायाने फांद्या दाबून बाजूला ओढायला सुरुवात केली.

*

दोन वर्षांत फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या. एक ओढली की चार हलायच्या. काठाच्या दगडांवर भीमाबाईने दर अमावस्येला वाहिलेल्या बांगड्या होत्या, काही फुटलेल्या, काही उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. तो जुना वास आता कुणाला येत नव्हता. उन्हात तापलेल्या दगडाचा आणि वाळल्या शेवाळाचा वास होता.

भीमाबाईने काठावर दहीभात ठेवला, हात जोडले आणि मागे सरकली.

दिपालीने आधी हातातलं यंत्र दोरीला बांधून खाली सोडलं. वरच्या अंगाला ते गप्प होतं. निम्म्याच्या खाली गेलं आणि किरकिरायला लागलं. आणखी खाली सोडलं तसा त्याचा आवाज वाढला, आणि विहिरीच्या गोल भिंतींनी तो आणखी मोठा करून वर पाठवला. पंकजाने कानांवर हात ठेवले.

"काय म्हनतंय ते?" बजरंगने विचारलं. पण त्याने आधीच दोन पावलं मागे घेतली होती. निम्म्यापर्यंत तोही एकदा उतरला होता.

दिपालीने यंत्र वर घेतलं. मग काचेची बाटली सोडली. वर आलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. उन्हात धरल्यावर त्यात जांभळे-पिवळे पट्टे हलले. बाटली तिने राजेश्वरीच्या हातात दिली नाही, नुसती तिच्यासमोर धरली. राजेश्वरीने वास घेतला.

"ह्योच," ती म्हणाली.

भीमाबाई बाटलीकडे बघत होती.

दिपाली मात्र गोंधळली होती. ती कुंपणाकडे बघे, विहिरीकडे बघे. "मधली माती स्वच्छ आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "मग हे आलं कुठून?" मग एकदम तिने रामहरीला विचारलं, "बाबा, विहिरीला आडवं बोर आहे का?"

"दोन हायेत," भीमाबाईने उत्तर दिलं. "एक उगवतीला, एक डोंगराकडं. रस्त्याकडं न्हाई."

"आरसा आहे का घरात?"

विहिरीत घागर किंवा कळशी पडली की आमच्याकडे आरशाने ऊन खाली पाडून बघतात. पंकजा पळत जाऊन घरातला आरसा घेऊन आली. आजीने तिला पहिल्यांदाच सोडलं होतं. बजरंगने आरसा धरला. उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली घसरत गेला. पाणी फार खाली होतं. चौकोन उगवतीच्या भिंतीवर गेला, तिथे पाइपाचं तोंड होतं. डोंगराकडच्या भिंतीवर गेला, तिथेही होतं.

"रस्त्याकडं धरा, काका."

बजरंगने हात फिरवला. रस्त्याकडच्या भिंतीत, पाण्याच्या थोडं वर, तिसरं तोंड होतं. त्याचा पाइप बाकीच्या दोघांपेक्षा नवा होता. त्याच्या खालून भिंतीवर एक काळा ओघळ पाण्यापर्यंत गेला होता.

ऊन तिथेच थांबलं.

"ह्ये कवाचं?" भीमाबाई म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "अवो, ह्ये कवाचं?"

रामहरी मागच्या बांधावर बसला होता. त्याने पटका काढून गुडघ्यावर ठेवला होता.

"तुमी कारखान्यावर हुता तवाचं," तो म्हणाला. "तीन सालामागचं. पाणाड्या आनला हुता. नारळ तळहातावर ठिवून सगळं शेत फिरला. कुठं काय न्हाई. पंपाच्या तारंजवळ आला अन् नारळ उभा राहिला. म्हनला, ह्या अंगाला पान्याची धार हाय, पंपाखालून जातीय. पंप बंद पडलेला. कुनी बघायला न्हाई. म्हनलं, खालून न्यायचं बोर, कुनाला कळतंय? पाक टाक्यांखालपर्यंत नेलं. पानी लागलं. पहिल्या साली चांगलं हुतं."

"अन् मग वास आला," राजेश्वरी म्हणाली.

"मग वास आला."

"तुमाला कळलं कशाचा ते?"

रामहरीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही. मग तो म्हणाला, "इतकं न्हाई वाटलं. म्हनलं, गाळानं कोंडलंय, तोंड मोकळं केलं की वाहून जाईल, साफ हुईल. मीच त्याला म्हनलं. आधी त्या तिसऱ्या पायपाचं तोंड खोल."

सगळ्यांना आता ते दिसलं. अंगदने खाली जाऊन गाळाचं बूच काढलं असेल, आणि पंपाखाली साठलेलं सगळं, पाणी आणि पेट्रोल आणि त्याची वाफ, त्याच्या तोंडावर आलं असेल. वाफ जड असते, ती वर जात नाही, असं दिपालीने नंतर सांगितलं. पण ते सांगायची गरज नव्हती.

दिपाली हळू आवाजात म्हणाली, "बाबा, टाकी गळली हा तुमचा दोष नाही. ती कंपनीने काढायला पाहिजे होती. मी तसं लिहिणार आहे."

"टाकी त्यांची," रामहरी म्हणाला. "नळी माझी. तू लिव्ह काय लिव्हायचं ते."

भीमाबाई काठापाशी खाली वाकली. तिने एक पांढरी पडलेली बांगडी उचलली, हातात फिरवली.

"मग मी दर अमावस्येला कुनापुढं नाक घासलं?" ती म्हणाली. "दोन वर्सं तुमी माझ्या शेजारी जेवलात. ही भाईर उनात उभी राहायची दगडापाशी, तुमी आत जेवलात. तोंडातून एक शबूद न्हाई काढला."

"काय बोलनार हुतो?"

"ह्येच. आत्ता बोललात ते."

*

गाडी दुसऱ्या दिवशी गेली. जाताना दिपालीने विहिरीच्या काठावर लाल रंगात 'पाणी पिऊ नये, आत उतरू नये' असं लिहिलेला पत्रा लावला. अहवाल व्हायला वेळ लागेल, म्हणाली. मंगल कार्यालयाचं काम थांबेल. टाक्या उकराव्या लागतील, ओढ्याकडची माती काढावी लागेल, आणि ही विहीर कधी पिण्याजोगी होईल ते तिला सांगता येत नव्हतं. "आमच्या आयुष्यात हुईल का?" बजरंगने विचारलं. ती खरं बोलली. म्हणाली, "काका, मला नाही वाटत."

"बरंय," बजरंग म्हणाला. "म्हंजी टँकरवाल्याची चांदी. त्याचं लगीन त्याच कार्यालयात लावू."

यावेळी तीही हसली नाही.

आखितीच्या सकाळी राजेश्वरी कोपीत कपड्यांचं गाठोडं बांधत होती. कोपीच्या दाराशी सावली पडली. भीमाबाई उभी होती. तिच्या हातात नवी केळी होती, रिकामी. मागे पंकजा खरबूज पोटाशी धरून उभी होती.

"ही भर," भीमाबाई म्हणाली.

राजेश्वरीने गाठोडं खाली ठेवलं.

"अंगदला पानी द्यायचंय. माझ्या हातचं तो दोन वर्सं पितोय. आज तू भर." तिने केळी पुढे केली. "माफी-बिफी मला मागता येत न्हाई. आमच्यात कुनी सासूनं मागितल्याली मी बघितली न्हाई."

राजेश्वरीने केळी घेतली. टँकरच्या पाण्याचा ड्रम घराच्या आत होता, माठाच्या कोपऱ्यात. दोन वर्षांनी ती त्या कोपऱ्यात गेली. तिने पाणी ओतलं, केळी काठोकाठ भरली. पंकजाने वर खरबूज ठेवलं, ते नीट बसेना, म्हणून राजेश्वरीने ते फिरवून बसवलं. भीमाबाईने हळद-कुंकू पुढे सरकवलं.

पूजा झाल्यावर भीमाबाई म्हणाली, "करनला फोन कर. येऊ नको म्हनाव."

"येऊ द्या की. पाव्हना म्हनून येईल, जेवून जाईल."

"अन् तू?"

"मी पंकजाजवळ."

भीमाबाईने मान हलवली. मग अंगणाकडे बघून म्हणाली, "त्याला पानी देऊ नगंस. मी न्हाई दिलं सकाळपासून. मागितलंबी न्हाई त्यानं."

रामहरी अंगणाच्या पलीकडे शेवग्याच्या झाडाखाली बसला होता. ऊन सरकत त्याच्या पायांवर आलं होतं, पण त्याने पाय घेतले नव्हते. त्याच्या ओठांना कोरड पडलेली इथून दिसत होती. राजेश्वरी बराच वेळ दारात उभी राहिली. अंगद गेला त्या उन्हाळ्यात ती अशीच बाहेर उभी असायची, आणि आतून पाणी कधी येईल त्याची वाट बघायची. तेव्हा हा माणूस आत असायचा.

तिने तांब्या भरला. सासूने पाहिलं, पण अडवलं नाही.

ती रामहरीजवळ गेली नाही. दाराबाहेरच्या सपाट दगडापाशी गेली, तांब्या दगडावर ठेवला आणि मागे फिरून आत आली.

रामहरीने मान वर केली. दगड आणि तो यांच्यामध्ये सगळं अंगण होतं आणि अंगणभर ऊन होतं. तो हाताने जमीन रेटत उठला आणि चालायला लागला.